धाकटी काय करते

नाट्यगृहाचं काम गेल्याचं दादाने जिना चढता चढताच सांगितलं, आणि वर टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कुणाचाच त्यावर आधी विश्वास बसला नाही.

"गेलं म्हणजे? पुढे ढकललं असेल," आत्या म्हणाली.

"गेलं म्हणजे गेलं. दुसऱ्याला दिलं." दादा खुर्चीत बसला आणि टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला, "कात्रीमावशीला."

आप्पांनी हातातला कप बशीत ठेवला, तो नीट बसला नाही आणि कलंडला. एरवी वहिनी चहा सांडायच्या आधी फडकं घेऊन हजर असायची. आज ती जागची हलली नाही. चहा टेबलावरून ओघळत दादाच्या गुडघ्यापर्यंत आला, तरी पाय बाजूला घ्यावा हे त्यालाही सुचलं नाही.

खाली दुकान, वर घर. दुकान पडद्यांचं आणि गाद्यांचं. नाट्यगृहाचा मोठा पडदा पहिल्यांदा शिवला तो आप्पांच्या वडिलांनी, आणि पुढे प्रत्येक वेळी बदलला तो आप्पांनी. पडदा विरला की व्यवस्थापक यायचे, आप्पांशी हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि जाता जाता म्हणायचे, "घ्या मग बघून." एवढ्यावर काम ठरायचं. ते काम कधी मागावं लागेल असं या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि कात्रीमावशी म्हणजे कोण, तर याच दुकानाच्या टेबलावर केस पिकेपर्यंत कापड बेतलेली बाई. क्षुल्लक कारणावरून दादाशी तिचं वाजलं आणि ती कात्री पिशवीत टाकून चालती झाली. मागच्या गल्लीत एका शटरचं दुकान तिने उघडलं तेव्हा आत्या म्हणाली होती, "औटघटकेचं राज्य आहे. बघा."

त्यात आजचा दिवस. आप्पांच्या गुडघ्यांनी हात टेकले होते आणि डॉक्टरांनी जिना बंद केला होता. यापुढे गल्ल्यावर दादा बसेल, एवढं एक वाक्य बोलायला आप्पांनी सगळ्यांना दुपारी बोलावलं होतं. आत्याचा दुकानात वाटा, म्हणून तीही शहराच्या दुसऱ्या टोकाहून ठेवणीतले कपडे घालून आली होती. दादाने दाढी केली होती.

"व्यवस्थापक काय म्हणाले?" आप्पांनी विचारलं.

"म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या शिलाईत खोट नाही. पण तुमच्याकडे फोन केला की कुणी उचलत नाही. उचललाच तर साहेब बाहेर गेलेत. माप घ्यायला माणूस पाठवतो म्हणता त्या दिवशी येत नाही, येतो त्या दिवशी आमचा प्रयोग असतो." दादाने घसा साफ केला. "तिकडे म्हणे एक बाई आहेत. फोनवर. त्या सगळं बघतात. आपण विचारायच्या आधी कळवतात."

"कसली बाई?" आत्या म्हणाली. "तिच्याकडे ती आणि तिचं मशीन. तिसरं कुत्रं नाही तिथे."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या धाकटीने पाण्याचा पेला उचलला होता. तो तोंडापर्यंत गेलाच नाही.

"नंबर दिलाय त्यांनी," दादा खिशातून फोन काढत म्हणाला. "लावतोच आता. कोण आहे ते तरी कळेल. चार गोड शब्द बोललं तर आपल्याकडेही येईल."

"लावू नकोस, दादा," धाकटी म्हणाली. "इथेच वाजेल."

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग फोनकडे. तरीही त्याचं बोट पुढे सरकलंच, आणि धाकटीच्या खुर्चीला अडकवलेल्या पिशवीत, घरी कुणाला माहीत नसलेला, तिचा दुसरा फोन थरथरायला लागला. दादाने फोन बंद केला तेव्हा पिशवीतली थरथर थांबली.

"पुन्हा लाव," आत्या म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं.

"आत्या, ती बाई मी आहे."

कित्येक महिने धाकटी हे वाक्य मनात घोळवत होती. कधी ते जेवताना म्हणायचं ठरवलं होतं, कधी आप्पा खुशीत असताना. असं, चहा सांडलेल्या टेबलावर आणि आजच्या दिवशी म्हणावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं. स्वतःचाच आवाज तिला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला.

"तू," दादा म्हणाला. "वर खोलीत बसून तू हे करत होतीस."

"हे आणि बाकीचंही. मावशी एकटी नाही. चष्मेवाला आहे, केकवाली आहे, कुत्र्यामांजरांचे डॉक्टर आहेत, पोहायला शिकवणारी एक बाई आहे."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," आत्या म्हणाली. शांतपणे म्हणाली, म्हणून ते जास्त लागलं. "मी लोकांना सांगत होते, पोरगी मोठी नोकरी सोडून आली, थकली असेल, जरा विश्रांती घेतेय. आणि ही आपलंच घर पोखरतेय."

"पोखरलं नाही, आत्या."

"मग काय केलंस?" दादाचा आवाज चढला. "आपल्याला सोडून गेलेल्या बाईला आपलंच काम मिळवून दिलंस. याला काय म्हणतात तूच सांग. घरभेदीपणा म्हणू नको, तुझा तू शब्द शोध."

"तिने आधी तुम्हाला विचारलं होतं," वहिनी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. वहिनी चारचौघांत दादाच्या विरुद्ध बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"विचारलं होतं," ती पुन्हा म्हणाली. "दुकानाचे फोन मी बघते, कुणाचं काम कुठवर आलंय ते लोकांना मी कळवत जाते, असं ही म्हणाली होती. मी तिथेच होते. तुम्ही हसलात. म्हणालात, ऑफिसात फोन उचलायला शिकवलं वाटतं. आणि आप्पा म्हणाले, घरच्या मुलीने काय टेलिफोनवर बसायचं?"

आप्पांनी मान वर केली नाही. दादा म्हणाला, "ते गमतीत होतं."

धाकटीला ती संध्याकाळ आठवत होती. त्या हसण्याचा तिला राग आला नव्हता, कारण आपण काय मागतोय ते तिलाही तेव्हा धड सांगता येत नव्हतं. ते तिला कळलं समोरच्या चष्मेवाल्याकडे. चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला ती गेली होती. त्याची बायको रुग्णालयात होती, तो एकटाच मशीनवर काच घासत होता आणि फोन वाजत होता. दोन्ही हात गुंतलेले. दारात लोक येत होते, चष्मा झाला नाही ऐकून कुरकुरत परत जात होते. फोन वाजतच राहिला तेव्हा तिने उचलला, नुसता आवाज सहन होईना म्हणून. मग दुसरा उचलला. मग तयार झालेल्या चष्म्यांच्या डब्या बघून तिने त्या लोकांना बोलावलं, न झालेल्यांना येऊ नका म्हणून सांगितलं, काचा पाठवणाऱ्याला गाठून अडलेल्या काचा कधी येणार ते विचारून घेतलं. दुकान बंद करायच्या वेळी चष्मेवाला कुलूप लावत म्हणाला, "आज काम करून घरी चाललोय. एरवी पळून जातो."

मोठ्या कंपनीत असताना तिला कौतुकाच्या टाळ्या कमी मिळाल्या नव्हत्या. पण त्या वाक्याने तिला जे झालं ते कधी झालं नव्हतं. रस्ता ओलांडून घरी येईपर्यंत तिच्या लक्षात आलं होतं की दुपारभर तिने घड्याळाकडे पाहिलं नाही, आणि उद्याही तिथे जायला आपण काहीतरी निमित्त शोधतोय. आपला हात कुठे चालतो हे माणसाला इतक्या उशिरा आणि इतकं सहज कळावं याचा तिला धक्काच बसला होता. चष्मेवाल्याने केकवालीला सांगितलं, केकवालीने डॉक्टरांना. आणि एक दिवस कात्रीमावशी दारात उभी राहिली, डोळे चोरत. "तुझ्या घरच्यांना चालणार नाही," ती म्हणाली. "पण कापड बेतायचं की दाराकडे बघायचं, मला दोन्ही जमेना गं."

"नाट्यगृहात माप कुणी घेतलं?" आप्पांनी अचानक विचारलं.

"मावशीने."

"आणि तू काय केलंस?"

आवाजात राग नव्हता. त्यामुळे धाकटी गोंधळली. "मी विशेष काही नाही केलं. रंगमंच कोणत्या दिवशी रिकामा असतो ते आधी विचारलं. पडदा उतरवायला उंच शिडी आणि माणसं लागतात, ती एकाच सकाळी येतील असं बघितलं. न पेटणारं कापड हवं होतं, ते कुठे मिळतं ते शोधलं. तिथल्या झाडणाऱ्या बायकांशी बोलले. पडद्याची खालची कड जमिनीला घासते, त्यात कचरा अडकतो, त्या रोज वैतागतात. ते मावशीला सांगितलं, तिने कड वर घ्यायचं ठरवलं. मग व्यवस्थापकांना कळवलं. दर टप्प्याला कळवत राहिले."

आप्पांनी दोन्ही तळवे टेबलावर ठेवले, महत्त्वाचं बोलायचं असलं की ठेवत तसे.

"आज मी तुम्हाला कशाला बोलावलं ते सगळ्यांना माहीत आहे," ते म्हणाले. "माझं ठरलं होतं. आता नाही. गल्ल्यावर धाकटी बसेल."

खालून, दुकानातून, शिलाई मशीनचा आवाज येत होता. इतका वेळ तो कुणाच्या कानावर आला नव्हता.

दादाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ज्याच्यासाठी तो लहानपणापासून शाळेतून परस्पर दुकानात येत राहिला, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शटर उघडलं, ते एका वाक्यात गेलं होतं.

सगळ्यात आधी सावरली आत्या. "मी म्हणतच होते," ती म्हणाली. "पोरीचं डोकं चालतं. अगदी आजोबांवर गेलीय." आत्ता आत्ता ती कुऱ्हाडीच्या दांड्याबद्दल बोलत होती हे तिच्या गावीही नव्हतं. कोणत्या बाजूला वारं आहे हे आत्याला इतरांच्या आधी कळायचं, आणि एकदा कळलं की ती त्याच बाजूला सरकून बसायची.

वहिनी मात्र उठली. आता तिने फडकं आणलं आणि टेबल पुसायला लागली. धाकटीसमोरचा भाग तेवढा तिने पुसला नाही. "मग इतकी वर्षं आम्ही काय केलं?" ती फडक्याशीच बोलल्यासारखी म्हणाली. जरा वेळापूर्वी या घरात धाकटीच्या बाजूने बोललेलं एकुलतं एक माणूस तिच्या डोळ्यांदेखत परकं होत होतं.

आणि धाकटी? आप्पांनी आपल्याला कधीतरी असं म्हणावं, म्हणून तिने कितीदा वाट पाहिली होती. शाळेत पहिली आली तेव्हा, नोकरी लागली तेव्हा. आज ते म्हणाले होते, सगळ्यांसमोर, आणि तिच्या मनात आनंदाची एक लकेरही उठली नाही. उठली ती भीती. गल्ल्यावरची ती उंच खुर्ची, समोर रस्ता, दिवसभर येणारी तोंडं, प्रत्येकाशी हसायचं, आप्पांसारखं.

"नको, आप्पा," ती म्हणाली.

"काय नको?"

"मला गल्ल्यावर बसायचं नाही."

आता आप्पांचा विश्वास बसेना. "लोकांच्या दुकानात राबशील, स्वतःच्या दुकानात मालकीण व्हायचं नाही?"

"मला मालकीणच व्हायचं नाही. कुणाचंतरी दुकान असावं, त्याचं त्यावर प्रेम असावं, आणि त्याला ते नीट चालवता यावं म्हणून मागची बाजू मी सांभाळावी. मला यातच आनंद आहे. मला आधी वाटायचं, हे काहीतरी मिळेपर्यंतचं आहे. आत्ता तुम्ही खुर्ची दिलीत तेव्हा कळलं, हेच मिळालेलं आहे." ती थांबली. इतकं सरळ तिने कधी कुणाला, अगदी स्वतःलाही, सांगितलं नव्हतं. "आणि त्या खुर्चीवर दादाच बसायला हवा. उशीची खोळ घ्यायला आलेलं गिऱ्हाईक त्याच्याशी बोलून घरभर पडदे लावायचं ठरवून जातं. फसवून नाही, त्यालाच मनापासून हौस असते म्हणून. मला ते सात जन्मांत जमणार नाही. तो मागचं बघायला जातो तेव्हा सगळं बिघडतं, एवढंच."

दादाने प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. "मग तू ये ना मागचं बघायला," तो म्हणाला. आवाज मऊ झाला होता. "झालं गेलं विसरू. मावशीला सोड आणि इकडे ये. मी हसणार नाही."

हेच तिला हवं होतं, एके काळी. "नाही येता येणार, दादा. मावशीला शब्द दिलाय. एकाच धंद्यातली दोन दुकानं मी बघत नाही. उद्या मावशीचं ऐकलेलं तुला सांगितलं तर तूच माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीस."

"सख्ख्या भावाला नाही म्हणतेस?" आत्याने पुन्हा वारं हुंगलं.

"तुम्हाला माझी गरजच नाही," धाकटी म्हणाली आणि वहिनीकडे वळली. "चुकीचं कापड टेबलावर आलं तर कात्री लागायच्या आधी कोण थांबवतं? कोणता कारागीर उद्या येणार नाही ते आदल्या संध्याकाळी कुणाला कळतं? दोऱ्याची रिळं संपायच्या आत कोण मागवतं? मावशी गेली त्या दिवशी अर्धवट राहिलेली कामं कुणी वाटून दिली? तुम्ही सगळे म्हणता, दुकान चालतं. ते वहिनी चालवते. स्वयंपाकघरातून, जिन्यातून, कपडे वाळत घालता घालता. तिला फोन आणि टेबल द्या. बाकी तिला येतं सगळं."

वहिनीच्या हातातलं फडकं थांबलं.

"हे तू करतेस?" दादाने तिला विचारलं.

"मग आपोआप होतं वाटलं तुम्हाला?" वहिनी म्हणाली. ती खाली बसली. धाकटीकडे तिने पाहिलं नाही, पण हात लांब करून तिच्यासमोरचा राहिलेला ओघळ पुसला.

आप्पा मात्र ताठ झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी स्वतःहून देऊ केलं होतं आणि समोरच्याने ते घेतलं नव्हतं. "ठीक," ते म्हणाले. "खुर्ची दादाची. पण माझ्या छपराखाली राहून माझ्या दुकानाविरुद्ध उभं राहता येणार नाही. मावशी सोड, नाहीतर घर."

"आप्पा," दादा म्हणाला.

"तू मध्ये पडू नकोस."

धाकटीने मान हलवली. "बरं," ती म्हणाली. "मी जाते."

ती रडेल, विनवण्या करेल, निदान भांडेल, असं सगळ्यांना वाटलं असावं. आप्पांचा चेहरा तिने पाहिला. त्यांनाही ते उत्तर अपेक्षित नव्हतं, आणि आता माघार घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

उन्हं उतरायच्या आत दादा तिची बॅग घेऊन जिना उतरत होता. कारागीर मशीन थांबवून बघत होते. फुटपाथवर बॅग ठेवून दादा म्हणाला, "ते खुर्चीचं जे बोललीस, ते मला वाचवायला की खरं?"

"खरं."

त्याने मान हलवली. "तुझ्यावर चिडायचं राहूनच गेलं आज," तो म्हणाला. "उद्या चिडेन."

चष्मेवाल्याच्या दुकानावरची खोली रिकामी होती, धाकटी तिथे राहायला गेली. दुसऱ्या दिवशी मावशीला कळलं तेव्हा ती हातातली कात्री खाली ठेवायलाही विसरली. "माझ्यापायी घर सोडलंस?"

"तुमच्यापायी नाही, मावशी. तुम्ही कड वर घेताय ना, ते आज व्यवस्थापकांना दाखवायचंय."

खोलीच्या खिडकीतून समोरचं दुकान दिसायचं. दादा उंच खुर्चीवर बसू लागला, आणि पाठीमागे, जिथे आधी फाटक्या नमुन्यांचा ढीग असे, तिथे एक टेबल आलं. वहिनी तिथून फोनवर बोलायची. पहिले काही दिवस ती उभी राहून बोलायची, मग बसून. एकदा तिने वर बघून हात केला. आप्पा कधी दिसले नाहीत. त्यांना जिना बंद होता.

पडद्याचं कापड बेतायच्या आदल्या सकाळी धाकटीचा फोन वाजला. नंबर घरचा होता, वरच्या मजल्यावरचा. वहिनी असेल असं समजून तिने उचलला.

"मागच्या गल्लीतलं पडद्यांचं दुकान ना?" आप्पांचा आवाज. "एक निरोप द्यायचा होता, बाई."

ती उभी राहिली. "हो," तिच्या तोंडून निघालं. "सांगा ना."

"नाट्यगृहातला वरचा दांडा सरळ नाही. खालून कळत नाही. बांधला तेव्हापासून डावीकडे चढलेला आहे. सरळ माप धरून कापड कापाल तर पडदा डावीकडे आखूड पडेल आणि मग तो कितीही खेचा, सारखा होणार नाही. डावीकडे टाचेपासून बोटांपर्यंत, एका पावलाएवढं कापड जास्त ठेवा. आमच्या वडिलांनी पहिला पडदा त्यातच वाया घालवला. हे बाहेर कुणाला माहीत नाही. आमच्याकडे कापड बेतणाऱ्या बाईलाही आम्ही कधी सांगितलं नव्हतं."

घरातल्या घरातही जपून ठेवलेली गोष्ट होती ती. दादालाही ती ठाऊक नसावी. आप्पा ती जवळ ठेवून गप्प बसले असते तर नाट्यगृह आपल्या पायांनी त्यांच्याकडे परत आलं असतं.

"ऐकलंत ना?" आप्पांनी विचारलं.

"ऐकलं. कापड उद्या कापणार आहेत. आत्ताच कळवते." सवयीचं पुढचं वाक्य तोंडातून निघून गेलं. "कुणाचा निरोप म्हणून सांगू?"

आप्पा म्हणाले, "कुणाचा कशाला? काम नीट झालं म्हणजे झालं."

आणि त्यांनी फोन ठेवला.